हुकूमनामा झाला, जमीन कोठे आहे?

२०२५ च्या ऑक्टोबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयासमोर एक आकडा आला आणि न्यायमूर्तींनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दाखल झालेल्या ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती देशभरच्या दिवाणी न्यायालयांत पडून होत्या. त्यांपैकी ३ लाख ४१ हजारांच्या घरातल्या दरखास्ती एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रातील, म्हणजे मुख्यतः आपल्या महाराष्ट्रातील होत्या. दरखास्त देणारा माणूस दावा जिंकलेला असतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. न्याय त्याच्या बाजूने झालेला आहे, तो कागदावर उतरलेला आहे, त्यावर न्यायालयाचा शिक्का आहे. आणि तरीही तो माणूस न्यायालयाच्या व्हरांड्यातच उभा आहे.

आकड्याच्या प्रचंडपणाकडे लक्ष जाणे साहजिक आहे. आम्हाला मात्र त्याहून अधिक विचार करण्याजोगी वाटली ती दुसरी गोष्ट. हा आकडा कोणाच्याही टेबलावर तयार नव्हता. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये, तमिळनाडूतील एका जुन्या दाव्याच्या निमित्ताने, सर्वोच्च न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना तो गोळा करावयास सांगितले, तेव्हा तो अस्तित्वात आला. कर्नाटकच्या उच्च न्यायालयाकडून तर तो मुदतीत आलाच नाही. दिवाणी न्यायालये या देशात दीडशे वर्षांहून अधिक काळ हुकूमनामे देत आहेत. त्या हुकूमनाम्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न इतक्या उशिरा विचारला जावा, याचा अर्थ काय?

अर्थ असा की, न्यायालयाविषयीचे आपले ज्ञान फार तोकडे आहे. न्यायालय काय म्हणते हे आपण निकालपत्रांतून वाचतो. न्यायालय काय करते, आणि त्याच्या करण्याने माणसाच्या हाती काय पडते, हे प्रत्यक्ष पाहून, मोजून, विचारून समजून घेण्याची शिस्त आपल्याकडे रुजलेली नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण म्हणजेच काय ते या विषयावरचे आमचे लोकमान्य संशोधन!

हा प्रश्न दिल्लीहून पाहण्याऐवजी न्हावऱ्याहून पाहावा. घोड आणि भीमा या दोन नद्यांमधल्या शिरूर तालुक्यातले हे गाव. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावच्या परिसरात उभा राहिला, आणि उसाबरोबर जमिनीचे मोलही वाढले. जमिनीचे मोल वाढले की वाटपाचे दावे वाढतात, हे सांगावयास कोणी अर्थशास्त्री लागत नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो देशभर गेला. आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे उरलेसुरले मळभ दूर केले. समजा, या पट्ट्यातील एखाद्या लेकीने हक्कसोड पत्रावर अंगठा देण्यास नकार दिला आणि घोडनदीच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. समन्स निघाले, ते बजावले गेले, भावांनी कैफियत दाखल केली, ताकीद अर्जावर वर्ष गेले, पुरावा झाला, आणि एके दिवशी तिचा हिस्सा ठरविणारा हुकूमनामा झाला. न्यायालयाच्या पत्रकात त्या दिवशी हा दावा ‘निकाली’ निघाला. न्यायाधीशाच्या कामाच्या हिशेबात तो जमा झाला. जिल्ह्याच्या, राज्याच्या आणि देशाच्या आकडेवारीत प्रलंबित प्रकरणांतून एक वजा झाले.

लेकीच्या घरी मात्र त्या दिवशी काहीच झालेले नसते. सरकारी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप न्यायालय स्वतः करीत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५४ व्या कलमाप्रमाणे ते काम जिल्हाधिकाऱ्याकडे जाते. तेथून तहसीलदार, तेथून भूमी अभिलेख खात्याची मोजणी, मोजणीची फी, मोजणीची तारीख, मोजणीच्या दिवशी बांधावर होणारा दंगा, मग पोलीस बंदोबस्ताचा अर्ज. यातला प्रत्येक टप्पा कोठल्या तरी दफ्तरात नोंदलेला असतो. पण ही दफ्तरे एकमेकांशी बोलत नाहीत. न्यायालयाला विचारा, तर प्रकरण निकाली निघाले आहे. तहसीलला विचारा, तर ते मोजणीकडे आहे. लेकीला विचारा, तर अजून जमीन मिळालेली नाही. तिघांचीही उत्तरे खरी आहेत. संशोधनाने यांतले कोणते उत्तर मोजायचे, हा केवळ पद्धतीचा प्रश्न आहे असे समजणे भाबडेपणाचे होईल. जे मोजले जाते तेच सुधारले जाते, आणि काय मोजायचे हे आजवर ज्याने ठरविले त्याच्या सोयीचेच मोजले गेले.

याचा इतिहास पाहण्यासाठी शिरूर तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही. १८७४ च्या डिसेंबरात याच तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या आपल्या ऋणकोविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापोटी मिळविलेला हुकूमनामा बजावला आणि त्याचे राहते घर पाडावयास काढले. गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या वर्षी, १२ मे १८७५ रोजी, सुप्याच्या बाजारात दंगा झाला. कर्जरोखे आणि हुकूमनामे हिसकावून घेऊन जाळण्यात आले. आणि पुणे व नगर जिल्ह्यांत तो वणवा पसरला. इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ या नावाने नोंदल्या गेलेल्या या उठावात शेतकऱ्याने सावकाराच्या जिवापेक्षा सावकाराच्या कागदावर अधिक राग काढला, हे फार बोलके आहे. कागदामागे न्यायालय आहे आणि न्यायालयामागे सरकार आहे, हे त्याला नीट कळले होते. त्या वेळी हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दिरंगाई अशी काही भानगड नव्हती! धनकोचा हुकूमनामा घराच्या तुळयांपर्यंत थेट पोचत असे.

सरकारने आयोग नेमला, आणि न्यायालयांच्या कामकाजाची या भागातील पहिली मोठी प्रत्यक्ष पाहणी झाली ती या आयोगाच्या हातून. आयोगाने कायद्याच्या पुस्तकावर समाधान मानले नाही. त्याने दिवाणी न्यायालयांची नोंदपुस्तके पाहिली. प्रतिवादी शेतकरी हजरच न झाल्यामुळे होणाऱ्या एकतर्फा हुकूमनाम्यांचे प्रमाण केवढे आहे, समन्स खरोखर पोचते की नाही, मुदतीच्या कायद्यामुळे दर तीन वर्षांनी व्याजासकट नवा रोखा कसा लिहून घेतला जातो, हे सारे त्याने तपासले. नगर जिल्ह्यातील बारा गावांची पाहणी करून जवळजवळ एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले आहेत आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरापट आहे, असा हिशेब मांडला. आजच्या मापाने पाहिले तरी ही पद्धत हलकी म्हणता येणार नाही.

आणि तरीही या आयोगाने निष्कर्ष काढला तो असा, की सरकारी साऱ्याचा बोजा हे दंग्याचे कारण नव्हते. दोष सावकाराचा होता. सारा वाढविणाऱ्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाला सारा निर्दोष आढळावा, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही. आकडे खोटे नव्हते. प्रश्न कोणी विचारला आणि कोणता प्रश्न विचारायचा नाही हे कोणी ठरविले, यात सारे आले. न्यायालयांवर संशोधन करू इच्छिणाऱ्या प्रत्येक तरुणाने हा अहवाल वाचावा, तो काय पाहावे हे शिकण्यासाठी आणि काय पाहणे टाळले जाते हे शिकण्यासाठीही.

या पाहणीतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा निघाला. प्रतिवादीने कर्ज कबूल केले तरी व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास न्यायालयाने स्वतः तपासावा, असे बंधन या कायद्याने घातले. कर्जापायी होणारी अटक थांबविली. आणि खालच्या न्यायालयांवर देखरेख ठेवण्यासाठी खास न्यायाधीश नेमले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आधी साहाय्यक म्हणून व पुढे स्वतः खास न्यायाधीश म्हणून हे काम केले. जिल्ह्यात फिरतीवर राहायचे, तालुक्याच्या कोर्टात जाऊन दफ्तर तपासायचे, असे त्या कामाचे स्वरूप होते. अर्थशास्त्रावर ज्या अधिकाराने ते लिहीत त्याच्या मुळाशी ही दफ्तर-तपासणी होती, असे आम्हाला वाटते.

ही परंपरा पुढे का खुंटली? शेतीच्या बाबतीत ती खुंटली नाही. धनंजयराव गाडगिळांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी केली, दांडेकर-रथांनी १९७१ मध्ये देशाची गरिबी मोजली; पुण्याच्या गोखले संस्थेने शेतकऱ्याचे उत्पन्न, खर्च, बैलजोडी, विहीर सारे मोजले. त्याच शेतकऱ्याचे कोर्टात गेलेले दिवस मात्र मोजण्याची तशी परंपरा निर्माण झाली नाही. विधी महाविद्यालये निकालपत्रे शिकवीत राहिली आणि समाजशास्त्राच्या विभागांना न्यायालय म्हणजे वकिलांचा प्रांत वाटला.

अलीकडे परिस्थिती बदलू लागली आहे, हे मान्य केले पाहिजे. २०१५ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची प्रकरणवार आकडेवारी राष्ट्रीय माहितीजालावर कोणालाही पाहता येते. ही मोठी लोकशाही सुधारणा आहे. तिच्या जोरावर अनेक चांगले अभ्यास झाले. बंगळूरच्या ‘दक्ष’ या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चोवीस राज्यांतील नऊ हजारांवर पक्षकारांना न्यायालयाच्या आवारातच गाठून प्रश्न विचारले. दिवाणी दाव्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दावे जमीनजुमल्याचे असल्याचे आणि एका तारखेपायी बुडणारी मजुरी वा धंदा हा प्रत्यक्ष खर्चाहूनही मोठा असल्याचे त्यातून दिसले. वकिलाची फी सर्वांना दिसते. बुडालेला दिवस कोणत्याही पावतीवर नसतो. तो माणसाला विचारूनच कळतो.

पण आकड्यांचे हे नवे भांडार वापरताना सावधगिरी हवी. सोलापूरचे सुपुत्र न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने २०१४ च्या आपल्या २४५ व्या अहवालात स्पष्ट नोंदविले की, निरनिराळी उच्च न्यायालये ‘प्रकरण’ या शब्दाचीच गणना निरनिराळी करतात. कोठे वाहतुकीचे दंड प्रकरणांत धरतात, कोठे धरीत नाहीत. लोकअदालतींचे तसेच. ग्रामपंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टी आणि बँकांची थकबाकी, जी कधी न्यायालयात दाखलच झाली नव्हती, ती दाखलपूर्व प्रकरणे म्हणून एका रविवारी ‘निकाली’ निघतात आणि वाटपाच्या दाव्याच्या बरोबरीने मोजली जातात. दरखास्तींच्या बाबतीत तर अधिकच खोल जावे लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच्या सहा महिन्यांत देशात ३ लाख ३८ हजारांहून अधिक दरखास्ती निकाली निघाल्याचे सांगण्यात आले. यांतल्या किती अर्जदारांना ताबा मिळाला आणि किती दरखास्ती अर्जदार तारखेला आला नाही म्हणून काढून टाकल्या, हे एकूण आकड्यावरून कळत नाही. पायपीट करून थकलेला माणूस घरी बसला, तरी प्रकरण निकालीच निघते.

उत्तर रोजनाम्यात असते. प्रत्येक तारखेला काय झाले, वादी हजर होता का, बेलिफाचा अहवाल आला का, तहकुबी कोणी मागितली, हे त्यात ओळीओळीने लिहिलेले असते. महाराष्ट्र शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेने खालच्या न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. साक्ष मराठीत होते, वादपत्र मराठीत, सातबारा मराठीत. यंत्राच्या साहाय्याने लाखो निकालपत्रे ‘वाचणारे’ आजचे अनेक अभ्यास मात्र इंग्रजीवर उभे आहेत. न्हावऱ्याचा माणूस कोर्टात जे बोलतो, ते या अभ्यासांच्या कानावर पडतच नाही.

जातीच्या प्रश्नात ही अडचण फारच तीव्र होते. २०१० ते २०१८ या काळातील सुमारे पन्नास लाख फौजदारी खटल्यांचा एक मोठा अभ्यास झालेला आहे. न्यायाधीश आणि आरोपी एकाच धर्माचे वा एकाच लिंगाचे असले तर निकालात फरक पडतो काय, असा त्याचा प्रश्न होता. आणि तसा म्हणण्याजोगा फरक आढळला नाही, असे त्याचे उत्तर होते. अभ्यास प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर आम्हाला दिलासा देणारेही आहे. परंतु नोंदीत आरोपीचा धर्मही नसतो आणि जातही नसते. नाव-आडनावावरून अंदाज बांधावा लागतो. धर्माच्या बाबतीत हा अंदाज बराचसा चालतो. शिरूर-दौंडच्या माळावर जातीच्या बाबतीत तो चालेल काय? पवार, काळे, भोसले, चव्हाण ही आडनावे येथे बागायतदार मराठ्याची आहेत आणि पालावरच्या पारध्याचीही आहेत. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९५२ मध्ये कायदा रद्द झाल्यावरही ज्यांच्या पाठीमागचा पोलीस हटला नाही, त्यांचा खटला यंत्राच्या यादीत पाटलाच्या खटल्याशेजारी एकाच आडनावाने बसतो. शिवाय चोरी झाली की कोणाला उचलायचे हा निर्णय न्यायाधीशापर्यंत प्रकरण येण्यापूर्वीच झालेला असतो. न्यायालयाच्या आकड्यांत जो दिसत नाही तो अन्याय झालाच नाही, असे म्हणता येणार नाही.

आता न्यायाधीशांविषयी. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज गॅडबॉइस यांनी १९८० च्या दशकात सर्वोच्च न्यायालयाच्या साठाहून अधिक आजी-माजी न्यायमूर्तींच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्या टिपणांवरून अभिनव चंद्रचूड यांनी २०१८ मध्ये पुस्तक सिद्ध केले. नेमणुका कशा होतात, प्रांत-जात-धर्म यांचा विचार कसा होतो, हे न्यायमूर्तींच्याच तोंडून त्यात कळते. एका परदेशी माणसाने चिकाटीने दारे ठोठावली तेव्हा ती उघडली, ही गोष्ट आम्हा भारतीयांना थोडी खजील करणारी आहे. पण ही सारी शिखरावरची माणसे. तालुक्याच्या ठिकाणी एका खोलीत, एका दिवसाच्या बोर्डावर लागलेली भलीमोठी यादी समोर घेऊन बसणारा, थोड्या वर्षांत बदलून जाणारा कनिष्ठ स्तर न्यायाधीश कसे निर्णय घेतो? कोणते प्रकरण आधी घ्यायचे, कोणत्या वकिलाला तहकुबी नाकारायची, निकालांचे ठरवून दिलेले मान पुरे करण्यासाठी जुना गुंतागुंतीचा दावा बाजूला ठेवून सोपी चार प्रकरणे उरकावीत काय, हा मोह त्याला होत असेलच. बहुसंख्य जनतेला न्यायसंस्था भेटते ती याच्याच रूपाने. आणि सेवाशर्तींनी, वरिष्ठांच्या गोपनीय अहवालांनी व बदलीच्या चिंतेने तो असा बांधलेला असतो की, संशोधकापाशी मोकळे बोलणे त्याला परवडत नाही.

त्याच्या मौनात आपण आपले तर्क भरू नयेत. इस्रायलमधील पॅरोल मंडळांच्या १,११२ निर्णयांचा एक अभ्यास २०११ मध्ये जगभर गाजला. बैठकीच्या आरंभी सुमारे ६५ टक्के अर्ज मंजूर होतात आणि खाण्याच्या सुट्टीपूर्वी ते प्रमाण जवळजवळ शून्यावर येते, असे त्यात दिसले. न्याय हा न्यायाधीशाच्या भुकेवर ठरतो, अशी टिंगल त्यावरून झाली. त्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, प्रकरणांचा क्रमच मुळात चिठ्ठ्या टाकून ठरत नव्हता; वकील नसलेल्या कैद्यांची प्रकरणे बहुधा बैठकीच्या शेवटी येत. आपल्याकडच्या बोर्डाचा क्रम कसा लागतो हे ज्याने कोर्टात बसून पाहिलेले नाही, त्याने आपल्या न्यायाधीशांविषयी असे शोध लावू नयेत.

न्यायाधीशांच्या कामाची अशी मोजदाद हा न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यावर घाला नव्हे काय, असा आक्षेप काही ज्येष्ठ कायदेपंडित घेतात. आम्ही तो हलकेपणाने घेत नाही. आणीबाणीत न्यायाधीशांच्या बदल्यांचे शस्त्र कसे वापरले गेले हे आमच्या पिढीने पाहिले आहे. उद्या एखादे सरकार न्यायाधीशागणिक आकडे काढून नावडत्याला धमकावणारच नाही, असे नाही. म्हणूनच एकेका न्यायाधीशाचे प्रगतिपुस्तक आम्हाला नको आहे. आम्हाला हवा आहे तो दाव्याचा प्रवास. त्यात न्यायाधीशाइतकेच बेलिफ, तलाठी, मोजणीदार, वकील आणि रिकाम्या जागा न भरणारे राज्य सरकार यांचेही हिशेब निघतील. सरकारच्या हाती असलेला आकडा आणि लोकांच्या हाती असलेला आकडा यांत फरक आहे. पहिला आजही सरकारला मिळू शकतो. दुसऱ्याच्या वाटेत अडथळे आहेत. ४ मार्च २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, न्यायालयीन कागदपत्रांच्या नकला तिऱ्हाइताला माहिती अधिकाराखाली नव्हे, तर उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे कारण देऊन मागाव्या लागतील. पक्षकाराच्या खासगीपणाचा विचार त्यात आहे हे कबूल. पण ‘संशोधन’ हे पुरेसे कारण आहे की नाही, हे प्रत्येक ठिकाणी तेथल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणे योग्य नव्हे. मुंबई उच्च न्यायालयाने संशोधकांसाठी स्पष्ट नियम करावेत : नावे गाळण्याची अट घालावी, पण रोजनामा व दरखास्तीची दफ्तरे पाहू द्यावीत, आणि नाव प्रसिद्ध न करण्याच्या हमीवर खालच्या न्यायाधीशांना संशोधकाशी बोलण्याची लेखी मुभा द्यावी.

आमच्या चळवळीलाही यात दोष घेतला पाहिजे. आमचे कार्यकर्ते कुळांच्या, धरणग्रस्तांच्या, ऊसतोड कामगारांच्या आणि परित्यक्तांच्या खटल्यांपायी कोर्टात आयुष्ये घालवीत आले. त्यांना जे ठाऊक आहे ते कोणत्याही प्रबंधात नाही. पण त्यांच्या वह्या कोठे आहेत? मोर्चाची तारीख आम्ही लिहून ठेवली, दाव्याची लिहिली नाही.

काम अवघड असले तरी त्याला मोठा निधी लागत नाही. घोडनदीच्या कोर्टातून दहा वर्षांपूर्वी एका सालात झालेले वाटपाचे सर्व हुकूमनामे घ्यावेत. त्यांतील गट क्रमांकांचे सातबारे आज घरबसल्या पाहता येतात. हुकूमनाम्यातील हिस्सेदाराचे नाव फेरफाराने लागले आहे की नाही ते तपासावे. नंतर न्हावरे, करडे, आंबळे अशा गावी जाऊन त्या घरी बसावे आणि विचारावे, नाव लागले पण ताबा मिळाला काय, आणि या हंगामाचे पीक कोणी काढले? एकट्या बाईला भावांच्या देखत हा प्रश्न विचारू नये, एवढे पाहणाऱ्याला समजले पाहिजे. शक्यतो तेथे विद्यार्थिनींनी जावे. पुण्यात विधी महाविद्यालये पुष्कळ आहेत. मे महिन्यात दिवाणी न्यायालयांना सुट्टी असते, विद्यार्थ्यांनाही असते, आणि शिवारात माणसे भेटतात.